जावयाने घडवलेली बंदूक

वर्ला टोल्लेफसनला रानमेंढ्याचं परमिट लागलं, तेव्हा ती शाळेच्या बसमध्ये चाकामागे बसलेली होती आणि मागे एकोणीस पोरं कालवा करत होती. फोनवरचा निरोप तिने तीनदा वाचला. कुणीतरी थट्टा केली असणार, असंच तिला वाटलं. बस लावून झाल्यावर तिने शिकार खात्याच्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाईने हो, खरं आहे म्हटल्यावर वर्लाने त्या बाईचं नावही विचारून घेतलं, उगाच पुढे नाही म्हणाली तर असावं म्हणून.

वर्लाचा स्वभावच तसा. दुकानात दुधावरची तारीख वाचायची आणि घरी आल्यावर चष्मा लावून तीच तारीख पुन्हा वाचायची. पण या वेळी तिला दोष देता येणार नाही. सव्वीस वर्षं ती दर वसंतात अर्ज करत होती. वायोमिंगात त्या जाड वळशिंग्या मेंढ्याचं परमिट सोडतीत निघतं आणि निघालं तर जन्मात एकदाच. तिचा नवरा नेल्स याला ते लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी लागलं होतं. पुढे घटस्फोट झाला तेव्हा नेल्सने भिंतीवरचं मेंढ्याचं डोकं नेलं आणि घर तिला ठेवलं. वाटणीत आपण फसलो, असं ती अजून म्हणते.

तर परमिट लागलं आणि महिन्याभराने एका रविवारी तिचा जावई कोल्बी एक लांबोडकी पेटी घेऊन स्वयंपाकघरात आला. मागे तिची मुलगी रोएना, दाराशीच उभी राहून आईचा चेहरा वाचत होती.

कोल्बी नेब्रास्काचा, म्हणजे सपाटीवरचा. दीड वर्षापूर्वी त्याने गावात बंदुका घडवायचं आणि दुरुस्त करायचं दुकान टाकलं होतं. गाव त्याला दुरून पाहत होतं. लोक जुन्या बंदुकांची तेलपाण्याची कामं देत, नवी बंदूक मात्र कुणी सांगितली नव्हती. हे वर्लाला माहीत होतं, म्हणून पेटी उघडायच्या आधीच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"वर्ला, ही तुमच्यासाठी," कोल्बी म्हणाला. "मी स्वतः घडवलीय."

"का?"

"का म्हणजे? मेंढ्यासाठी."

"माझी आहे की बंदूक. माझ्या बापाची. पन्नास वर्षं मारतेय."

"ती साडेनऊ पौंडांची आहे, आई," रोएना म्हणाली, "आणि तुझ्या खांद्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं नाही."

बंदूक टेबलावर आली. काळी, राखाडी, जागोजाग कोरून पोकळ केलेली. बंदुकीला कुणी खरवडून खाल्लंय, असं वर्लाला वाटलं. कोल्बी एकेक भाग बोटाने दाखवू लागला. नळी कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेली, त्यामुळे वजन निम्मं.

"फुटली तर?"

"नाही फुटत."

"म्हणजे फुटलेली तू पाहिली नाहीस."

कोल्बीने ते गिळलं. नळीच्या तोंडावरचं भोकाभोकांचं नळकांडं त्याने दाखवलं. त्याने खांद्याला बसणारा झटका निम्मा होतो.

"आणि आवाज?"

"आवाज थोडा वाढतो. कानात बोळे घालायचे."

"म्हणजे खांदा वाचवायचा आणि कान द्यायचे." ती वाकून बघू लागली. "आणि ह्या बोल्टवर ह्या नागमोडी खाचा कशाला?"

"वजन कमी होतं."

"किती?"

कोल्बी लाल झाला. "फार नाही. बऱ्या दिसतात."

हे एकच उत्तर तिला पटलं. चौथ्या वस्तूला, अंगठ्यासाठी भोक पाडलेल्या दस्त्याला, ती उठून कॉफीकडे वळली. कोल्बी तरी बोलतच राहिला. गोळ्यांचं सुटं मॅगझिन, बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीवरचा, गवंड्याच्या लेव्हलीत असतो तसा बुडबुडा, दुर्बिणीच्या डोक्यावरची आकड्यांची फिरकी, फिरकीच्या पोटातली अडकण. लांबचा नेम धरायचा तर फिरकी इतके आकडे वर फिरवायची, परत येताना अडकण तिला शून्यावर थांबवते. ती आधी नीट बसवून घ्यावी लागते, असंही तो म्हणाला. वर्लाने नळ जोरात सोडला होता. एवढ्या सगळ्या वस्तूंत कामाची कुठली आणि दुकानाच्या काचेत ठेवायची कुठली, हे पोराला स्वतःला तरी कळतं का, एवढाच प्रश्न तिला पडला होता.

"महिनाभर खपलाय तो," रोएना म्हणाली.

"हो ना. आणि तो खपलाय हे गावात सगळ्यांना माहीत आहे."

तिचं म्हणणं अगदी खोटंही नव्हतं. मंगळवारी कॅफेत ऑरिन पॅकने तेच बोलून दाखवलं. ऑरिन तिचा शेजारी. घोडे त्याचे, डोंगर त्याच्या पायाखालचा आणि तोंड कधी मिटलेलं नाही.

"तुझा मेंढा पडला की जावयाचं दुकान उभं राहिलं बघ," तो म्हणाला. "अख्खा जिल्हा विचारणार, कुठल्या बंदुकीने मारला? आणि नाही पडला तर पोराने सरळ नेब्रास्काची वाट धरावी."

"म्हणूनच दिलीय," वर्ला म्हणाली. "फुकट कोण देतं?"

तेव्हापासून दर मंगळवारी कॅफेत त्या बंदुकीची कथा लागायची. वर्ला रंगवून सांगायची. बंदुकीला इतकी भोकं आहेत की पाऊस आला तर आत साचणारच नाही. तिला बुडबुडा आहे, म्हणजे मेंढा नाही मिळाला तर भिंत बांधता येईल. लोक पोट धरून हसायचे. कोल्बीच्या कानावर जात असेलच, पण तो काही बोलला नाही, आणि न बोलणाऱ्या माणसावर तर वर्लाचा मुळीच विश्वास नसे.

तरी नेमबाजीला तिने बंदूक काढलीच. खांद्यापुढे इलाज नव्हता. ऑगस्टात एकटीच खडीच्या खाणीत गेली, दोनशे यार्डांवर कागद लावला, फिरकी हवी तशी फिरवून नेम बसवला आणि आकड्यांची चकती शून्यावर आणून आवळली. शेवटच्या तीन गोळ्या कॉफीच्या कपाच्या बुडाखाली झाकल्या जातील, इतक्या जवळ पडल्या. खांदा दुखला नाही. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. झाली ती चिडचिड.

आणि एकदा नेम बसला की बस. आमच्याकडे नेम बसलेल्या बंदुकीला दुसऱ्याने हात लावायचा नसतो. बायको नवऱ्याच्या बंदुकीला लावत नाही, नवरा बायकोच्या. हात लावलाच तर सांगायचं, मग धनी एक गोळी झाडून पुन्हा खात्री करून घेतो. हे पाळण्यातलं मूलसुद्धा जाणतं. पण पाळणा डोंगरातला हवा.

सप्टेंबरात ती दोनदा वर जाऊन आली. मेंढ्या दिसल्या, कोवळे नर दिसले, मारावा असा एकही नाही. ऑक्टोबर संपत आला तेव्हा शाळेने तिला चार दिवसांची रजा दिली. हंगामाचे तेच शेवटचे चार दिवस. ऑरिनने घोडे दिले. त्याच्या गुडघ्याला आता उभा चढ झेपत नसे, तेव्हा तो तळावरच राहणार होता. वर चढायला आणि मांस वाहून आणायला दुसरं कुणी हवं. रोएनाने हट्टाने कोल्बीला पाठवलं.

"कॅमेरा आणायचा नाही," वर्लाने बजावलं होतं.

"नाही आणत."

पहिल्या दिवशी तो घोड्यांना पाणी पाजायला गेला तेव्हा तिने त्याची पाठपिशवी उचकली. मोजे, जर्कीचं सुकं मांस, दोर, सुऱ्या, औषधाची डबी. कॅमेरा नव्हता. म्हणजे नीट लपवलाय, असं तिने ठरवून टाकलं.

दोन दिवस बर्फाच्या भुरभुरीत दुर्बिणीला डोळे लावून गेले. तिसऱ्या दुपारी कोल्बीला पलीकडच्या कड्याखाली पाच नर दिसले. त्यातला एक असा होता की वर्लाने दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही. शिंगं पूर्ण वळून डोळ्यांच्या पातळीच्या वर आलेली, टोकं झिजून बोथट झालेली. उजेड उतरत होता आणि मधे दरी होती. उद्या पहाटे, एवढंच तिने म्हटलं. मेंढे रात्री तिथेच बसणार होते. आता इथून पुढे या खोऱ्यात शिंकायचंसुद्धा नाही, मग गोळी झाडणं तर दूरच.

तळावर परतल्यावर ती ओढ्यावर पाणी आणायला गेली. परत येते तो कोल्बी तंबूपुढे ओंडक्यावर बसलेला, तिची बंदूक मांडीवर, हातात स्क्रू पिळायची अ‍ॅलन-की.

पाण्याची बादली तिने तिथेच टेकवली. "काय चाललंय?"

कोल्बी दचकला. "काही नाही, वर्ला. ती फिरकीची अडकण तुम्ही बसवलीच नव्हती. घोड्यावर म्यानात घासून फिरकी फिरू शकते, म्हणून मी फक्त..."

"तू माझ्या बंदुकीला हात लावलास."

"नेमाला धक्का लावलेला नाही. शून्य तिथेच आहे. मी फक्त खालून..."

"ठेव खाली."

"एकदा ऐकून तर घ्या, दोन मिनिटं."

"ठेव म्हणते ना!"

तंबूतून ऑरिन बाहेर डोकावला. "काय रे पोरा, मेंढ्याच्या आदल्या दिवशी खेळणी उघडून बसलास होय?"

कोल्बीने बंदूक ओंडक्याला टेकवून ठेवली आणि तो लाकडं फोडायला गेला. वर्लाला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. गोळी झाडून खात्री करता येत नव्हती. खोऱ्यात आवाज गेला असता तर मेंढे उठले असते. सव्वीस वर्षं त्या पाच जनावरांत बसलेली होती आणि या पोराने आदल्या दिवशी अ‍ॅलन-की चालवली होती.

बंदूक घेऊन ती तंबूत गेली. फिरकीवर आकडा शून्य होता. तिने ती शून्याच्या खाली फिरवून पाहिली. फिरकी हलेना. वर जात होती, खाली मात्र शून्यावर येऊन खट्‌कन अडत होती. खाणीत तर ती दोन्हीकडे मोकळी फिरायची, तिला पक्कं आठवत होतं. म्हणजे याने आत काहीतरी जाम करून ठेवलंय. तिने फिरकीचं झाकण उघडलं, आत पितळी कडी दिसली, तीन बारक्या स्क्रूंनी आवळलेली. ओंडक्यावरून उचललेल्या त्याच्याच अ‍ॅलन-कीने तिने तिन्ही सैल केले आणि कडी उपसून बाहेर काढली. आता फिरकी कशी छान फिरू लागली. तिने ती खाली फिरवली, वर फिरवली, परत खाली, परत वर, प्रत्येक टिकटिक कान देऊन ऐकली. सगळं ठीक आहे असं वाटल्यावर आकडा शून्यावर आणला, झाकण लावलं आणि बंदूक उशाशी घेतली. मनाला जरा बरं वाटलं. पोराचा घोळ आपण वेळेत निस्तरला, असंच तिच्या मनात आलं.

उजाडायच्या सुमारास ते दोघं कड्यासमोरच्या धारेवर पालथे पडले होते. मेंढे उठून चरायला लागले होते. मोठा नर सगळ्यांत डावीकडे, पूर्ण आडवा उभा. मधलं अंतर अडीचशे यार्ड, वारा जवळजवळ नाहीच. यापेक्षा सोपा नेम वर्लाने उभ्या जन्मात धरला नव्हता. कोल्बी तिच्या डाव्या हाताला मोठी दुर्बीण लावून होता. त्याने कानात बोळे घातले आणि तिला हाताने खूण केली.

तिने श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

बार एवढा मोठा झाला की दरी दणाणली. मेंढ्याने मान वर केली. तो जागचा हलला नाही.

"खाली!" कोल्बी कुजबुजला. "पायांच्या खाली दगड उडाला. तीन फूट खाली. वर धरा, आत्ताच्या नेमाच्या तीन फूट वर."

तीन फूट! अडीचशे यार्डांवर तीन फूट खाली जायला ती काय आंधळी होती? तिच्या हाताला अजून नेम आठवत होता, तो बरोबर खांद्यामागे होता. कोल्बीला दगडाचा कपचा उडालेला दिसला असेल, दुसऱ्याच कशाचा तरी. नाहीतर पहिली गोळी तिच्याच हाताने हलली असेल, खूप वर्षांनी एवढी छाती धडधडत होती म्हणून. सपाटीवरचं हे पोर सांगतंय हवेत नेम धर म्हणून! तिने बोल्ट मागे-पुढे करून दुसरी गोळी चढवली, पुन्हा तोच नेम खांद्यामागे धरला, या वेळी आणखी शांतपणे, आणि चाप ओढला.

दगड पुन्हा तिथेच फुटला. या वेळी तिने स्वतः पाहिलं.

मेंढे आता थांबले नाहीत. पाचही जण कड्यावर चढले, एका ओळीत, घाई न करता. मोठा नर माथ्यावर क्षणभर उभा राहिला आणि पलीकडे उतरला. पलीकडच्या खोऱ्यात तिचं परमिट चालत नव्हतं. वर उत्तरेकडून ढग उतरत होते, आणि दुपारपर्यंत खिंड बंद होणार हे दोघांनाही दिसत होतं.

 वर्लाला राग चढत होता. यानेच केलं. याने काल आत हात घातला. तिने बोल्ट ओढून बाहेर काढला, बंदूक पाठपिशवीवर टेकवली आणि रिकाम्या नळीतून समोर पाहिलं. ही युक्ती तिला बापाने शिकवली होती. नळीच्या भोकात एक पांढरा दगड बरोबर मधोमध येईल असं तिने जुळवलं आणि बंदूक न हलवता दुर्बिणीत डोकावली. दुर्बिणीतली फुली त्या दगडावर नव्हती. कितीतरी वर होती.

"बघ," ती म्हणाली. "बघ काय केलंस ते."

कोल्बीने पाहिलं. मग त्याने फिरकीकडे पाहिलं, तिच्या बुडाशी, जिथे फिरकी किती वेढे फिरली ते दाखवणाऱ्या बारीक आडव्या रेघा खांबावर असतात. 

वर्लाने स्वतःच फिरकी वर फिरवायला सुरुवात केली. फुली खाली खाली येऊ लागली. एक पूर्ण वेढा फिरवून आकडा पुन्हा शून्यावर आला आणि फुली पांढऱ्या दगडाशी येऊन थांबली, खाणीत जिथे असायची तिथे.

एक वेढा. नेमका एकच, ना एक टिक जास्त ना कमी. तिचा हात फिरकीवरच राहिला. कोल्बीने बसवलेली अडकण शून्याच्या खाली जाऊच देत नव्हती, त्यासाठीच तर ती होती. ती उपसून काढली तिने, तंबूत बसून. फिरकी खालीवर फिरवली तिने, आणि परत येताना एक वेढा कमी फिरवून, आकडा शून्य बघून समाधान मानलं तेही तिनेच. आकडा तर दर वेढ्याला शून्यच दाखवतो.

ती तोंड उघडणार तेवढ्यात कोल्बी म्हणाला, "म्यानात फिरली असणार. घोड्यावर. या फिरक्यांचं असंच होतं, वर्ला. तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. मी साधी दुर्बीण लावायला हवी होती."

तो तिच्याकडे बघत नव्हता. आपली मोठी दुर्बीण पिशवीत भरत होता. त्याला सगळं कळलं होतं, हे तिला स्वच्छ दिसलं.  खाली उतरायला तीन तास लागले. तीन तास ती एकेका पावलागणिक वाक्य जुळवत होती आणि ते तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

ऑरिनने दोन्ही बार ऐकले होते. मांस लादायच्या पिशव्या त्याने घोड्यांवर टाकून ठेवल्या होत्या, चुलीवर बीन्स उकळत होते. दोघांचे रिकामे हात बघून त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"माझी चूक," कोल्बी लगेच म्हणाला. "फिरकी फिरली. बंदूक माझी, चूकही माझी."

"मी म्हटलं होतं!" ऑरिनने पळी आपटली. "मी म्हटलं होतं की नाही, वर्ला? काल उघडून बसला होता! सव्वीस वर्षं, आणि ह्या पोरट्याच्या फिरकीपायी!"

आता खरं सांगायचं तर वर्लाला त्या क्षणी बरं वाटलं. ताटलीतले बीन्स संपेपर्यंत ते बरं वाटणं टिकलं. ऑरिन शिव्या घालत होता, त्या सगळ्या दुसऱ्याच्या पदरात पडत होत्या, आणि ती ऊन ऊन खात होती. मग तिचं लक्ष कोल्बीकडे गेलं. त्याने ताटलीला हात लावला नव्हता. तो चुलीकडे बघत होता. दुकान गेलं, एवढंच त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"ऑरिन," ती म्हणाली. "बस झालं. मी केलं."

"काय केलंस?"

"त्याने अडकण नीट बसवली होती. मी ती काढली. तंबूत. आणि फिरकी एक वेढा खाली ठेवली. पहिल्या गोळीनंतर तो म्हणाला वर धरा, तेही मी ऐकलं नाही. मेंढा मी घालवला."

ऑरिन तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा मऊ झाला. त्याने पुढे होऊन तिच्या पाठीवर थाप मारली.

"कळलं हो मला. लेकीचा संसार आहे, असं बोलावंच लागतं."

"असं बोलावं लागतं म्हणून नाही. खरंच सांगतेय मी."

"अगं, उन्हाळाभर तूच सांगत होतीस ना कॅफेत? भोकं काय, बुडबुडा काय! आता एकदम कडी नि अडकण! मला शिकवतेस? सहा वर्षांचा होतो तेव्हापासून तुला ओळखतो. नेम बसलेल्या बंदुकीची फिरकी तू स्वतः फिरवशील? तू?"

"फिरवली."

"बरं, फिरवलीस," ऑरिन म्हणाला आणि त्याने कोल्बीकडे असं बघितलं की पोराने मान खाली घातली.

बर्फ सुरू झाल्यावर ते खाली निघाले. वाटेत वर्लाने आणखी दोनदा सांगितलं. ऑरिन दर वेळी हो हो म्हणाला. कोल्बी घोडा जवळ आणून हळूच म्हणाला, "राहू द्या आता, वर्ला."

"राहू देणार नाही. कळलं होतं तुला. वरच का नाही बोललास?"

"बोलून काय झालं असतं?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "काल मी दोन मिनिटं मागितली होती."

तिने घोडा पुढे काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाट जिथे संपते तिथल्या मैदानात त्यांच्या गाड्या उभ्या होत्या. शिकाऱ्यांच्या दुसऱ्या दोन टोळ्या घोडे उतरवत होत्या, सगळी ओळखीचीच माणसं. वर्ला खोगीर सोडत होती तोवर ऑरिन त्यांच्यात जाऊन उभा राहिलाही. त्याचा आवाज मैदानभर येत होता. आपोआप फिरली म्हणे, शून्यावरून! अडीचशे यार्डांवर, आडवा उभा होता मेंढा! माणसं माना हलवत होती. एकाने विचारलं, हाच का तो, खालच्या गल्लीत दुकान टाकलेला?

वर्ला खोगीर तसंच सोडून त्यांच्यात गेली. "फिरकी मी फिरवली," ती मोठ्याने म्हणाली. "ऐका सगळ्यांनी. पोराने बंदूक चोख दिली होती. मी बिघडवली. मी."

 मग त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा पुढे आला. त्याने टोपी काढून वर्लापुढे मान झुकवली, अगदी आदराने, आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे, घोड्याचा पट्टा सोडत उभ्या असलेल्या कोल्बीला म्हणाला,

"पोरा, अशी सासू मिळायला नशीब लागतं."

"हो," कोल्बी म्हणाला आणि पट्टा सोडत राहिला.